टॅब आणि स्पेस

टॅब आणि स्पेस ही संगणकीय मजकुरात रिकामी जागा निर्माण करणारी दोन वर्णचिन्हे होत. पडद्यावर किंवा कागदावर दोन्ही सारखीच, म्हणजे कोरी दिसतात. मात्र त्यांचा अर्थ वेगळा आहे. स्पेस हे एका ठरावीक रुंदीचे कोरे अक्षर आहे. टॅब ही ‘पुढच्या थांब्यापर्यंत सरक’ अशी आज्ञा आहे. तो थांबा कोठे आहे याची माहिती फाईलमध्ये नसते. ती मजकूर दाखवणाऱ्या संपादकाने किंवा छापणाऱ्या यंत्राने ठरवायची असते. त्यामुळे टॅब वापरलेली एकच फाईल दोन संगणकांवर वेगवेगळी दिसू शकते, आणि उलटपक्षी टॅबची एक ओळ व स्पेसची एक ओळ वेगळ्या असूनही हुबेहूब सारख्या दिसू शकतात. एरवी क्षुल्लक वाटणारा हा भेद तक्ते, संगणकीय प्रोग्रॅम आणि मजकुराची छपाई यांत महत्त्वाचा ठरतो.

नाव आणि पूर्वपीठिका

टॅब हा टॅब्युलेटर या इंग्रजी शब्दाचा संक्षेप आहे. त्याचे मूळ ‘फळी’ किंवा ‘पाटी’ या अर्थाच्या टॅब्युला या लॅटिन शब्दात आहे. तक्ता या अर्थाचा टेबल हा शब्दही त्याच मुळापासून आला. टंकलेखन यंत्रावर तक्ते तयार करताना प्रत्येक स्तंभापर्यंत पोहोचण्यासाठी स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबावा लागे. हे श्रम वाचवण्यासाठी यंत्रावर टॅब्युलेटरची सोय करण्यात आली. टंकलेखक हव्या त्या जागी खुंट्या लावून ठेवत असे आणि टॅबची कळ दाबली की कागदाचा गाडा पुढच्या खुंटीपर्यंत सरकून थांबत असे. या थांब्यांना टॅब स्टॉप किंवा टॅब थांबे म्हणतात.

थांबे लावण्यापूर्वी टंकलेखकाला हिशोब करावा लागे. पायका मापाच्या यंत्रावर एका इंचात १० आणि एलिट मापाच्या यंत्रावर १२ अक्षरे बसत. २१० मिलिमीटर रुंदीच्या ए-४ कागदावर पायका मापाने सुमारे ८२ अक्षरे मावतात. प्रत्येक स्तंभातील सर्वांत लांब नोंदीची अक्षरे मोजायची, त्यांची बेरीज एकूण अक्षरांतून वजा करायची आणि उरलेली जागा समास व स्तंभांमधील अंतरे यांत वाटायची, अशी ही रीत होती. महाराष्ट्रातील टंकलेखनाच्या वर्गांत तक्ता टंकलिखित करण्याचा सराव याच रीतीने करून घेतला जात असे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्रावर टॅबची कळ दाबल्याने कागदावर कोणतीही खूण उमटत नसे. गाडा सरकला की टॅबचे काम संपले. टॅब हे जपून ठेवायचे चिन्ह बनले ते संगणकाच्या काळात.

स्पेसची पूर्वपीठिका याहून जुनी आहे. मोडी लिपीतील कागदपत्रांत आणि अनेक जुन्या देवनागरी पोथ्यांत शब्द सलग लिहिले जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत आपल्याकडे मुद्रणाबरोबर रुळली. खिळ्यांच्या छपाईत ही जागा प्रत्यक्ष धातूची असे. जुळारी अक्षरांच्या खिळ्यांमध्ये कमी उंचीचे कोरे तुकडे बसवत. उंची कमी असल्याने त्यांना शाई लागत नसे. रिकामी जागा ही ‘काहीच नसणे’ नसून तीही एक मोजता येणारी वस्तू आहे, ही कल्पना संगणकाने खिळ्यांच्या छापखान्याकडून घेतली असे म्हणता येईल.

संकेतांक

संगणकात प्रत्येक वर्णचिन्हाला एक संकेतांक असतो. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रणालीत आडव्या टॅबचा संकेतांक ९ असून स्पेसचा ३२ आहे. आस्कीतील ० ते ३१ हे संकेतांक नियंत्रणचिन्हांसाठी राखलेले आहेत. ही चिन्हे छापण्यासाठी नसून यंत्राला सूचना देण्यासाठी आहेत. टॅबचा समावेश या गटात होतो, तर स्पेसचा दृश्य अक्षरांच्या पंक्तीत होतो. नवी ओळ सुरू करणारे चिन्ह १० आणि उभा टॅब ११ या क्रमांकावर आहे; उभ्या टॅबचा वापर आता क्वचितच होतो.

युनिकोडने हेच संकेतांक कायम ठेवले. षोडशमान पद्धतीत टॅब यू+०००९ आणि स्पेस यू+००२० असा लिहिला जातो. याखेरीज युनिकोडमध्ये रिकाम्या जागेची इतरही चिन्हे आहेत. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे:

- अतूट स्पेस, संकेतांक १६०: दिसायला साध्या स्पेससारखा, मात्र या ठिकाणी ओळ तुटत नाही.
- अंकरुंद स्पेस: अंकाइतक्या रुंदीची जागा. आकड्यांचे स्तंभ जुळवण्यासाठी उपयुक्त.
- शून्यरुंदीचा स्पेस: मुळीच जागा न व्यापणारे चिन्ह. ओळ कोठे तोडता येईल हे सुचवण्यासाठी याचा वापर होतो.

संकेतस्थळावरून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताना साध्या स्पेसऐवजी अतूट स्पेस येण्याचा प्रकार वारंवार घडतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु पायथॉनसारखी प्रोग्रॅमिंग भाषा अशी ओळ चुकीची ठरवते.

टॅब थांब्याचे गणित

टॅब म्हणजे चार किंवा आठ स्पेस, असा एक रूढ गैरसमज आहे. प्रत्यक्षात टॅबने व्यापलेली जागा तो ओळीत कोठे आला आहे यावर अवलंबून असते. थांबे दर आठ स्तंभांवर असतील, तर ते ८, १६, २४, ३२ या क्रमाने येतात. टॅबच्या आधी दोन अक्षरे झाली असल्यास टॅब सहा स्तंभांची जागा व्यापतो. सात अक्षरे झाली असल्यास एकच. आणि बरोबर आठ झाली असल्यास पुढचे पूर्ण आठ स्तंभ ओलांडून तो १६ व्या स्तंभावर जातो.

‘घर’, ‘कमळ’ आणि ‘अवघडपण’ हे काना-मात्रा नसलेले शब्द उदाहरणादाखल घेता येतील. त्यांत अनुक्रमे दोन, तीन आणि सहा अक्षरे आहेत. तीन ओळींत हे शब्द लिहून प्रत्येकापुढे एक टॅब आणि एक अंक लिहिला, असे समजू. थांबे दर आठ स्तंभांवर असताना टॅब अनुक्रमे सहा, पाच आणि दोन स्तंभ व्यापतो. तिन्ही अंक आठव्या स्तंभापाशी एकाखाली एक येतात. हीच फाईल दर चार स्तंभांवर थांबे असलेल्या संपादकात उघडल्यास पहिले दोन अंक चौथ्या स्तंभापाशी आणि तिसरा आठव्या स्तंभापाशी दिसतो. फाईलमधील एकही चिन्ह बदललेले नसते, तरीही तक्ता मोडलेला असतो.

स्पेसच्या बाबतीत असे होत नाही. सर्व अक्षरे समान रुंदीची असलेल्या, म्हणजे मोनोस्पेस फाँटमध्ये सहा स्पेस कोठेही सहाच स्तंभ व्यापतात. मात्र अक्षरांची रुंदी कमी-अधिक असलेल्या फाँटमध्ये ही खात्रीही राहत नाही. अशा फाँटमध्ये स्पेस बहुतेक अक्षरांपेक्षा अरुंद असतो आणि स्पेसबारने जुळवलेला तक्ता फाँट बदलताच वेडावाकडा होतो.

आठ स्तंभांचा प्रघात

थांबे दर आठ स्तंभांवर असावेत असे आस्कीत कोठेही म्हटलेले नाही. हा पुढे रुळलेला प्रघात आहे. युनिक्स प्रणालीत तो दृढ झाला. तेथील एक्स्पांड ही आज्ञा टॅबचे स्पेस करते, अनएक्स्पांड ही स्पेसचे टॅब करते आणि पीआर ही आज्ञा मजकुराची पाने पाडते. वेगळी सूचना नसल्यास या आज्ञा आठ हाच आकडा धरतात. १९७८ मध्ये आलेल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी-१०० या टर्मिनलवरही मुळात दर आठ स्तंभांवर थांबे होते. विशिष्ट नियंत्रणसंकेत पाठवून ते बदलता येत. आजचे टर्मिनल प्रोग्रॅम बहुतांशी याच यंत्राची नक्कल करतात. संकेतस्थळांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस भाषेत टॅबची रुंदी सांगणारा जो गुणधर्म आहे, त्याचे मूळ मूल्यही आठच आहे.

मजकूर संपादकांतील प्रदर्शन

मजकूर संपादकात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: टॅबची कळ, टॅब हे वर्णचिन्ह आणि टॅबची प्रदर्शन-रुंदी. कळ दाबल्यावर फाईलमध्ये टॅबच उमटेल असे नाही. अनेक संपादक त्याऐवजी आवश्यक तितके स्पेस घालतात. संगणकाच्या न्याहाळकात तर ही कळ बहुधा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाण्यासाठी वापरली जाते. तेथे कोणतेच चिन्ह उमटत नाही.

प्रचलित संपादकांची मूळ मांडणी सारखी नाही. विम, ईमॅक्स आणि नॅनो या संपादकांत टॅबची रुंदी मुळात आठ स्तंभ धरलेली असते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ती चार असून टॅबची कळ दाबल्यास स्पेस घातले जातात. मात्र उघडलेल्या फाईलमध्ये आधीच कोणती पद्धत आहे हे ओळखून तो संपादक तिच्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न करतो. विममध्ये टॅबची प्रदर्शन-रुंदी, कळ दाबल्यावर सरकायचे अंतर आणि टॅबऐवजी स्पेस घालायचे की नाही, या तिन्हींसाठी स्वतंत्र मांडण्या आहेत. त्यांची गल्लत केल्यास एकाच फाईलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले जातात. एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्यांचे संपादक वेगवेगळे असले तरी मांडणी एक राहावी यासाठी एडिटरकॉन्फिग नावाची एक छोटी फाईल प्रकल्पासोबत ठेवण्याची पद्धत आहे. प्रकल्पात टॅब वापरायचे की स्पेस आणि त्यांची रुंदी किती, हे तीत नोंदवलेले असते.

अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय बहुतेक संपादकांत असते. रूढ संकेतानुसार स्पेस मध्यभागी असलेल्या ठिपक्याने आणि टॅब बाणाने दाखवतात. अशा प्रदर्शनात पुढील दोन ओळींमधला भेद चटकन कळतो:

→→नमस्कार
········नमस्कार

चार रुंदीच्या थांब्यांवर या दोन्ही ओळी एरवी अगदी सारख्या दिसल्या असत्या. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अतूट स्पेस अंशाच्या चिन्हासारख्या लहान वर्तुळाने दाखवला जातो. हे ठिपके आणि बाण केवळ पाहण्यासाठी असतात. ते फाईलमध्ये जात नाहीत आणि सामान्यतः छापलेही जात नाहीत.

आणखी एक प्रकार पडताळणीच्या वेळी दिसतो. दोन फाईलींमधील फरक दाखवणारा डिफ हा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीच्या आरंभी अधिक, उणे किंवा मोकळी जागा असे एक चिन्ह जोडू शकतो. त्यामुळे स्पेसने सुरू होणारी ओळ एक स्तंभ उजवीकडे सरकते. टॅबने सुरू होणारी ओळ मात्र पुढचा थांबा तोच असल्याने जागची हलत नाही. मुळात नीट जुळलेला मजकूर अशा वेळी विस्कटलेला दिसतो.

छपाई

मजकूर प्रिंटरकडे पाठवताना टॅबचे काय होते, हे तो कोणत्या मार्गाने जातो यावर ठरते.

पहिल्या मार्गात टॅब जसाच्या तसा प्रिंटरकडे जातो आणि थांबे प्रिंटर ठरवतो. एप्सनच्या ईएससी/पी या आज्ञाप्रणालीवर चालणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर थांबे मुळात दर आठ स्तंभांवर असतात आणि आज्ञा देऊन ते बदलता येतात. लिहिताना संपादकात थांबे दर चार स्तंभांवर ठेवले असतील, तर पडद्यावरील आणि कागदावरील मांडणीत तफावत पडते.

दुसऱ्या मार्गात मजकूर पाठवण्यापूर्वीच टॅबचे स्पेस केले जातात. एक्स्पांड किंवा पीआर या आज्ञांना हवी ती रुंदी सांगून हे साधता येते. समान रुंदीच्या फाँटमध्ये ही रीत भरवशाची आहे, कारण प्रिंटरने ठरवण्याजोगे काही शिल्लक राहत नाही.

तिसऱ्या मार्गात संपादक किंवा वर्डप्रोसेसर प्रत्येक अक्षराची कागदावरील जागा स्वतः निश्चित करून पानाचे वर्णन तयार करतो. पीडीएफ फाईल या प्रकारची असते. तिच्या छापील रूपात टॅब उरत नाही. राहतात ती केवळ योग्य अंतरावर मांडलेली अक्षरे. म्हणूनच पीडीएफमधून उचललेल्या प्रोग्रॅममध्ये ओळींच्या आरंभीची जागा बऱ्याचदा नाहीशी होते किंवा चुकते.

कागदाच्या रुंदीचाही प्रश्न येतो. इंचाला १० अक्षरे या मापाने ८० स्तंभांच्या ओळीला ८ इंच लागतात. प्रोग्रॅममध्ये चार पातळ्यांपर्यंत आत गेलेल्या ओळीचे आठ रुंदीच्या टॅबमुळे ३२ स्तंभ कोरे जातात आणि मजकुराला ४८ उरतात. रुंदी चार ठेवल्यास १६ स्तंभ कोरे जाऊन ६४ उरतात. छापलेल्या प्रोग्रॅममधील लांब ओळी मध्येच तुटून खालच्या ओळीत उतरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

छपाईनंतर टॅब आणि स्पेस यांतील भेद कायमचा पुसला जातो. कोऱ्या जागेकडे पाहून ती कशाने निर्माण झाली हे सांगता येत नाही. पुस्तकातील प्रोग्रॅम पाहून टंकलिखित करणाऱ्या विद्यार्थ्याला ही माहिती लेखकाने शब्दांत देणे म्हणूनच आवश्यक ठरते. जेथे स्पेसची नेमकी संख्या महत्त्वाची असते, तेथे काही पुस्तकांत स्पेसच्या जागी वर उघड्या चौकोनासारखे ␣ हे चिन्ह छापतात.

देवनागरी मजकुरातील अडचणी

टॅबचे गणित ‘एक वर्णचिन्ह म्हणजे एक स्तंभ’ या गृहीतकावर उभे आहे. रोमन लिपीत ते बहुतांशी खरे ठरते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. परंतु वाचकाला ते अक्षराशी जोडलेले दिसतात. ‘पुणे’ या शब्दात दोन अक्षरे दिसतात, मात्र संकेतांक चार आहेत. ‘नागपूर’मध्ये अक्षरे चार आणि संकेतांक सहा आहेत. ‘रत्नागिरी’मध्ये दिसणारी अक्षरे चार असली तरी संकेतांक नऊ आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. म्हणजे ‘रत्नागिरी’चे २७ बाइट होतात.

टॅबचे स्पेस करणारा प्रोग्रॅम संकेतांक मोजत असेल, तर आठ रुंदीच्या थांब्यांवर तो ‘पुणे’पुढे चार, ‘नागपूर’पुढे दोन आणि ‘रत्नागिरी’पुढे सात स्पेस घालील. दिसणारे प्रत्येक अक्षर ढोबळमानाने एका स्तंभाचे धरले, तर पुढचा स्तंभ पहिल्या दोन ओळींत सहाव्या आणि तिसऱ्या ओळीत अकराव्या जागी येईल. बाइट मोजणारा प्रोग्रॅम याहून निराळे उत्तर देईल. पडद्यावर अक्षराची खरी रुंदी मोजणाऱ्या संपादकात मात्र टॅब कायम ठेवल्यास तिन्ही शब्दांपुढचा स्तंभ नीट जुळतो. थोडक्यात, ‘टॅबपेक्षा स्पेस भरवशाचे’ हा रोमन लिपीतील अनुभव देवनागरी तक्त्यांना तसाच्या तसा लागू पडत नाही.

मराठीत आणखी एका अदृश्य चिन्हाची भर पडते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ अशा शब्दांतील अर्धा ‘र’ काही मजकुरांत र, हलन्तचिन्ह आणि शून्यरुंदीचा जोडक अशा क्रमाने साठवलेला असतो. जोडक दिसत नाही व जागाही घेत नाही, परंतु मोजणीत त्याचा समावेश होतो. शिवाय देवनागरीतील जोडाक्षरे समान रुंदीच्या चौकटीत बसवणे अवघड असल्याने या लिपीसाठी खऱ्या अर्थाने मोनोस्पेस फाँट फारसे आढळत नाहीत. यास्तव मराठी तक्ते स्पेसने जुळवण्यापेक्षा वर्डप्रोसेसरमधील तक्त्याची सोय किंवा निश्चित टॅब थांबे वापरणे श्रेयस्कर असते.

प्रोग्रॅमिंग भाषांतील परिणाम

ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेला इंडेंटेशन म्हणतात. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ते केवळ वाचकाच्या सोयीसाठी असते. काही ठिकाणी मात्र त्यावर प्रोग्रॅमचा अर्थ अवलंबून असतो.

मेक: स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केलेल्या या साधनाच्या फाईलमध्ये आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तेथे आठ स्पेस घातल्यास ओळ तशीच दिसते, पण काम अडते. ही रचना गैरसोयीची असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोवर सुमारे डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी ती बदलली नाही. पुढे हे साधन जगभर पसरले आणि तो नियमही त्याच्याबरोबर गेला. ग्नू मेकमध्ये टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय २०१० मध्ये आली.

पायथॉन: गिदो व्हान रोसम यांनी तयार करून १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत कोणती ओळ कोणत्या गटातील आहे हे इंडेंटेशनवरून ठरते. पायथॉन २ टॅबला आठच्या पटीतील थांब्यांनुसार मोजत असे. संपादकात रुंदी चार ठेवली असेल, तर लिहिणाऱ्याला ओळ एका गटात दिसे आणि संगणक ती दुसऱ्या गटात धरे; तरीही चुकीची सूचना मिळेलच असे नसे. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने अशी विसंगत मिसळण नाकारून ती त्रुटी ठरवली. पायथॉनच्या अधिकृत शैलीमार्गदर्शिकेत प्रत्येक पातळीसाठी चार स्पेसची शिफारस आहे.

इतर: यामल या विदालेखन पद्धतीत इंडेंटेशनसाठी टॅब वर्ज्य आहे. गो भाषेसोबत येणारा गोएफएमटी हा प्रोग्रॅम इंडेंटेशनला टॅब आणि ओळीतील पुढच्या जुळणीला स्पेस वापरतो. लिनक्स कर्नलच्या शैलीनियमांत टॅब आठ स्तंभांचा मानलेला आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाईटस्पेस नावाच्या एका विनोदी भाषेत तर स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तीनच चिन्हांना अर्थ आहे. दिसणारी सर्व अक्षरे ती दुर्लक्षित करते.

टॅब की स्पेस: वाद

इंडेंटेशनसाठी काय वापरावे यावर प्रोग्रॅमरांमध्ये दीर्घकाळ मतभेद आहेत. टॅबच्या बाजूने तीन प्रमुख मुद्दे मांडले जातात. एका पातळीला एकच चिन्ह लागत असल्याने ‘एक टॅब म्हणजे एक पातळी’ असा स्वच्छ अर्थ राहतो. फाईल लहान होते: दोन पातळ्या आत असलेल्या १,००० ओळींत टॅबचे २,००० बाइट होतात, तर प्रत्येक पातळीला चार याप्रमाणे स्पेसचे ८,०००. तिसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा वाचकाच्या सोयीचा आहे. अधू दृष्टीमुळे फार मोठी अक्षरे वापरणाऱ्यांना किंवा मोजक्याच खणांची ब्रेल पट्टी वापरणाऱ्यांना टॅबची रुंदी स्वतःपुरती कमी करून घेता येते. स्पेसच्या बाबतीत प्रत्येक स्पेस पट्टीवरील एक खण अडवतो.

स्पेसच्या बाजूचा मुख्य मुद्दा स्थैर्याचा आहे. मजकूर लिहिणाऱ्याला जसा दिसला तसाच तो संपादकात, संकेतस्थळावर, इ-पत्रात व कागदावर समान रुंदीच्या फाँटमध्ये दिसतो. कंसातील मजकूर वरच्या ओळीतील विशिष्ट अक्षराखाली आणणे टॅबने विश्वासार्हपणे साधत नाही. यातून निघालेला एक मध्यममार्ग म्हणजे पातळी दाखवण्यासाठी टॅब आणि जुळणीसाठी स्पेस. तो तर्कशुद्ध असला तरी पाळण्यासाठी सावधपणा किंवा गोएफएमटीसारखे साधन लागते. स्तंभातील मजकुराच्या लांबीनुसार थांबे आपोआप सरकवणारे ‘लवचीक टॅब थांबे’ हीदेखील एक सुचवलेली रीत आहे. परंतु ती फार थोड्या संपादकांत उपलब्ध आहे.

हा वाद लोकरंजनातही पोहोचला. ‘सिलिकॉन व्हॅली’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१६ मधील एका भागात त्यावरून नायकाचे प्रेमसंबंध तुटताना दाखवले आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०१७ च्या आपल्या सर्वेक्षणाच्या आधारे स्पेस वापरणाऱ्यांचे वेतन टॅब वापरणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे प्रसिद्ध केले होते. तथापि दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे. दोन्ही पद्धतींचे समर्थक एका बाबतीत सहमत आहेत: एकाच फाईलमध्ये दोहोंची अनियमित मिसळण करू नये.

वर्डप्रोसेसर आणि विदा

वर्डप्रोसेसरमधील टॅब टंकलेखन यंत्राच्या टॅबला अधिक जवळचा आहे. तेथे थांबे स्तंभांत न मोजता सेंटिमीटर किंवा इंचांत मोजतात आणि ते परिच्छेदासोबत दस्तऐवजात साठवले जातात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मूळ अंतर अर्धा इंच, म्हणजे १.२७ सेंटिमीटर असते. थांबे डावे, उजवे, मध्य आणि दशांश अशा प्रकारचे असतात. दशांश थांब्यावर आकड्यांचे दशांशचिन्ह एका रेषेत येते. उजव्या थांब्याला ठिपक्यांची रांग जोडून अनुक्रमणिकेतील पानांचे क्रमांक समासाशी जुळवता येतात. येथे थांबे दस्तऐवजातच असल्यामुळे तो दुसऱ्या संगणकावर उघडल्यावरही स्तंभ बहुधा टिकून राहतात.

विदासाठी टॅबचा आणखी एक उपयोग होतो. टॅब-विभक्त फाईलमध्ये प्रत्येक ओळ ही एक नोंद असून दोन रकान्यांच्या मध्ये एक टॅब असतो. नावांत आणि पत्त्यांत स्वल्पविराम व स्पेस नेहमी येतात, टॅब सहसा येत नाही. म्हणून तो विभाजक म्हणून सोयीचा ठरतो. पत्रकातील खण उचलून साध्या मजकुरात चिकटवले असता त्यांच्यामध्ये टॅब आढळतात ते यामुळेच. अशा फाईलमध्ये टॅबचे स्पेस केल्यास ती पडद्यावर पूर्ववत दिसू शकते, पण रकान्यांच्या सीमा नष्ट होतात आणि ‘आडनाव कोठे संपले व गाव कोठे सुरू झाले’ हे संगणकाला सांगता येत नाही.

वापरातील दक्षता

- मजकूर विस्कटलेला दिसल्यास तो दुरुस्त करण्यापूर्वी अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय सुरू करून जागा टॅबची आहे की स्पेसची, हे पाहावे.
- दुसऱ्याच्या फाईलमध्ये भर घालताना तीत आधीपासून असलेली पद्धत चालू ठेवावी.
- साधा मजकूर समान रुंदीच्या फाँटमध्ये छापायचा असल्यास टॅबचे स्पेस करून मगच पाठवावा. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी.
- मेकच्या आणि टॅब-विभक्त फाईलींवर टॅबचे स्पेस करण्याची क्रिया करू नये.
- मराठी तक्ते स्पेसबारने जुळवू नयेत.

हे सुद्धा पहा

- आस्की
- युनिकोड
- यूटीएफ-८
- टंकलेखन यंत्र
- मजकूर संपादक
- देवनागरी लिपी
- पायथॉन (प्रोग्रॅमिंग भाषा)